मुंबईची घरपट्टी आणि मुंबईचे घर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुंबईच्या बाजारपेठांतून नव्या चोपड्यांवर कुंकवाची स्वस्तिके निघतात, 'शुभ-लाभ' लिहिले जाते, आणि एरवी रुक्ष वाटणाऱ्या जमाखर्चाला एका रात्रीपुरते देवत्व येते. शहरात एक चोपडी मात्र अशी आहे, की तिची पूजा कोणी करीत नाही. उलट तिचे नाव निघताच माणसे कपाळाला आठ्या घालतात. ती म्हणजे म्युनिसिपालिटीची चोपडी. आपल्या नळाचे पाणी, गल्लीतला दिवा, कोपऱ्यावरची शाळा आणि पुष्कळदा आपण राहतो ती खोलीसुद्धा त्याच चोपडीतून आलेली असते. तिच्यात काय लिहायचे आणि काय खोडायचे हे ठरविण्याचा अधिकार कुणाचा, यावरून मुंबईत मोठी भांडणे झाली. त्या भांडणांची ही हकीकत आहे. वाचकांनी फराळाचे ताट जवळ घेऊन वाचायला हरकत नाही. आकडे मी बेताचेच देणार आहे.

प्रारंभ करायचा तो १८६५ या सालापासून. त्याआधीची चार वर्षे मुंबईने सोन्यात लोळून काढली होती. अमेरिकेत उत्तर-दक्षिण यादवी माजली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला न भूतो असा भाव आला. प्रेमचंद रायचंदांच्या शब्दावर बँका चालत. समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे कागद लोक डोळे मिटून घेत. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी आली आणि फुगा फुटला. कालचे लक्षाधीश नादारीच्या अर्जांवर सह्या करू लागले. आणि नेमक्या याच वर्षी मुंबईला नवा म्युनिसिपल कायदा मिळाला व त्याबरोबर आर्थर क्रॉफर्ड नावाचा कमिशनर मिळाला.

या कायद्याची रचना समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सारी रामकहाणी तिच्यातून निघाली. पूर्वी, १८५८ पासून, कारभार तीन कमिशनरांकडे होता. तिघांत मिळून जबाबदार कोण हे कुणालाच कळत नसे. नव्या कायद्याने सर्व अंमलबजावणी एका कमिशनरच्या हाती दिली. खर्चाला मंजुरी द्यायला 'जस्टिस ऑफ द पीस' या मंडळींची सभा होती. हे जस्टिस सरकारने नेमलेले असत. बडे व्यापारी, शेटिये, वकील, गोरे अधिकारी असा तो मेळा. त्यांच्यापैकी एकालाही शहराने निवडून दिलेले नव्हते. म्हणजे पैसा शहराचा, खर्च करणारा सरकारचा आणि हिशेब विचारणारेही सरकारच्याच यादीतले!

क्रॉफर्ड हा माणूस विलक्षण होता. तडफ अशी, की झोपलेल्या शहराला त्याने गदागदा हलवून जागे केले. त्या वेळची मुंबई म्हणजे उघडी गटारे, भर वस्तीतले कत्तलखाने, कुजके बाजार आणि दर साल येणारा पटकी. क्रॉफर्डने कत्तलखाने वांद्र्याला हलविले, रस्ते रुंद केले, मोऱ्यांना हात घातला. डॉ. ह्यूलेट या आरोग्याधिकाऱ्याच्या जोडीने त्याने गल्ल्या साफ केल्या. आणि बाजार तर असा बांधला, की त्याचे नाव त्यालाच चिकटले. विल्यम इमर्सनने आराखडा काढलेल्या त्या मंडईच्या दारावरची शिल्पे जे. जे. कलाशाळेतल्या लॉकवुड किपलिंगने केली. 'जंगल बुक' लिहिणाऱ्या किपलिंगचा हा बाप. शहराचा मृत्युदर उतरला, हे क्रॉफर्डच्या शत्रूंनीही नाकारले नाही.

पण हा सारा थाट आला कुठून? क्रॉफर्डची पद्धत सरळ होती: आधी काम काढायचे, मग बिल जस्टिसांपुढे ठेवायचे. काम अर्धे झाल्यावर नाही कोण म्हणणार? घरपट्टी वाढली, दिव्यांची पट्टी, पोलिसांची पट्टी, भंगीकामाची हलालखोर पट्टी, गाडीघोड्यांवर चाकांचा कर, असे एकावर एक चढत गेले. आधीच कापसाच्या पडझडीत मोडलेल्या घरमालकांवर वसुलीचा ससेमिरा लागला. एवढे करूनही तिजोरीत खडखडाट, आणि डोक्यावर कर्ज. वाढीव उत्पन्नाची कामे कर्ज काढून करावीत की चालू पट्टीतून, हा प्रश्न क्रॉफर्डने कधी मनाला लावून घेतला नाही. पन्नास वर्षे टिकणाऱ्या इमारतीचा बोजा एका वर्षाच्या घरपट्टीवर टाकला, की घरपट्टी भरणारा आरडाओरडा करणारच.

तो आरडाओरडा १८७१ साली टिपेला पोहोचला. टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे तिथे, जस्टिसांच्या सभा गाजू लागल्या. जेम्स फोर्ब्स या गोऱ्या व्यापाऱ्याने तोफ डागली: कमिशनरचा एकछत्री अंमल बंद करा, सत्ता सभेच्या मंडळाकडे द्या. नवरोजी फर्दुनजी आणि कोकणातल्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक हे एतद्देशीय पुढारीही चळवळीत उतरले. करदात्यांच्या सभा भरल्या, अर्ज गेले. गोरे व्यापारी आणि आमचे शेटिये एका बाकावर बसलेले दिसावेत, हा चमत्कार क्रॉफर्डच्या बिलांनी घडवून आणला. अखेर त्याच वर्षी क्रॉफर्डला ती जागा सोडावी लागली.

या गदारोळात एक तरुण बॅरिस्टर उलट्या दिशेने चालत होता. वय अवघे सव्वीस. विलायतेहून परत येऊन तीनच वर्षे झालेली. त्याने नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक निबंध वाचला आणि ज्या कमिशनरच्या नावाने सारे शहर बोटे मोडत होते त्याची बाजू घेतली! हा फिरोजशहा मेहता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कारभार हाकायला जबाबदार माणूस एकच हवा, दहा जणांच्या मंडळाकडे कारभार दिला तर दोष कुणाच्याच पदरी बांधता येणार नाही. खरा दोष कमिशनरच्या अधिकारात नसून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या सभेत आहे. सरकारने नेमलेले जस्टिस शहराला उत्तरदायी नाहीत म्हणून बेफिकीर आहेत. तेव्हा सभाच करदात्यांनी निवडून दिलेली असू द्या, म्हणजे कमिशनर आपोआप वठणीवर राहील. जमलेल्या श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. संतापाच्या भरात असलेल्या माणसाला गुन्हेगार हवा असतो, घटनाशास्त्र नको असते. मला मात्र तो निबंध म्हणजे या साऱ्या प्रकरणातली सर्वांत थंड डोक्याने केलेली गोष्ट वाटते. लोकप्रिय मत हाताशी तयार असताना त्याच्याकडे पाठ फिरवायला सव्विसाव्या वर्षी छाती लागते.

गंमत अशी, की कायदा झाला तो बराचसा त्याच्याच विचाराच्या दिशेने. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन आले: १६ सरकारचे, १६ जस्टिसांनी निवडलेले आणि ३२ करदात्यांनी. कमिशनर राहिला, पण त्याच्या हिशेबावर बारा जणांच्या टाऊन कौन्सिलची नजर बसली. १८८८ च्या कायद्याने ही घडी पक्की केली. सभासद ७२ झाले, त्यांतले ३६ वॉर्डांनी निवडायचे. बारा जणांची स्टँडिंग कमिटी, आठ कॉर्पोरेशनच्या आणि चार सरकारच्या. हा कायदा घडविण्यात फिरोजशहा आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा वाटा मोठा होता. अंदाजपत्रक कमिशनरने तयार करायचे, स्टँडिंग कमिटीने कात्री लावायची, कॉर्पोरेशनने मंजूर करायचे. मोठा मक्ता द्यायचा तर आधी कमिटीची परवानगी. क्रॉफर्डचा 'आधी काम, मग बिल' हा मंत्र कायद्याने असा उलटा फिरविला. पुष्कळ दुरुस्त्या होऊन का होईना, मुंबईचा कारभार अजून याच १८८८ च्या कायद्याने चालतो.

क्रॉफर्डचे पुढे काय झाले, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. तोच हा पुण्याचा क्रॉफर्ड! मध्य भागाचा कमिशनर असताना मामलतदारांकडून नेमणुकांसाठी पैसे खाल्ल्याचे प्रकरण १८८८ मध्ये उघडकीस आले आणि त्यात त्याची नोकरी गेली. साक्ष दिल्यास अभय देऊ असे सांगून पुढे ज्यांच्यावर गदा आली, त्या मामलतदारांची बाजू टिळकांनी १८८९ मध्ये हिरिरीने मांडली. एकाच माणसाने एका शहराला स्वच्छ करावे आणि दुसरीकडे आपले हात असे मळवावेत! त्याच्या नावाच्या मंडईचे नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. यातही एक गंमत आहे. जोतीराव १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते आणि तिथे मंडई बांधण्यावर पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे. ती मंडई झाली, रे मार्केट म्हणून. पुढे तिलाही फुल्यांचेच नाव दिले गेले. महाराष्ट्रातल्या दोन नामांकित मंडया आज त्यांच्या नावाने भाजी विकतात. हे कळते तर जोतीराव हसले असते की चिडले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

असो. पुन्हा मुंबईकडे येऊ. वर ज्या मतदानाचे कौतुक केले त्याला एक मोठी मेख होती. मत होते ते पट्टी भरणाराला, आणि पट्टी भरणारा म्हणजे बहुतेक घरमालक. भाड्याने राहणारा गिरणीकामगार, गोदीतला हमाल, छापखान्यातला जुळारी यांना या साऱ्या लोकशाहीत जागा नव्हती. पट्टीचा भार घरमालक भाड्यात मिळवून वसूल करी, तेव्हा पैसा शेवटी भाडेकरूच्याच खिशातून जाई. मत मात्र मालकाचे. म्हणून पाणी, दिवे, सफाई, रस्ते, प्राथमिक शाळा ही कॉर्पोरेशनची बंधनकारक कर्तव्ये ठरली. गरिबाला घर देणे हे त्यांत नव्हते. तानसाचे पाणी १८९२ मध्ये आले ते मोठ्या समारंभाने. पण पाणी आत आले तेवढे बाहेर जायला मोऱ्या नव्हत्या आणि खोल्यांतून माणसे तर दाटीवाटीने भरलेली. कॉर्पोरेशनची देखणी इमारत बोरीबंदरासमोर १८९३ मध्ये उभी राहिली, 'हिंदुस्थानातील अग्रनगरी' अशा अर्थाचे लॅटिन बिरुद मिरवीत. तिथून हाकेच्या अंतरावर मांडवी होती.

१८९६ च्या सप्टेंबरात त्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी रोगी तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. ते स्वतः कॉर्पोरेशनचे सभासद होते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. बायकामुले घेऊन माणसे बोटीने, रेल्वेने, पायी कोकण-घाटाकडे पळाली. गिरण्या ओस पडल्या. कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे १८९७ मध्ये प्लेगानेच गेले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची माणसे दहा वर्षांत कमी व्हावीत, ही एकच ओळ त्या दशकाविषयी पुरेशी आहे.

आता सरकार जागे झाले. पण काम कॉर्पोरेशनकडे न देता १८९८ मध्ये 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' नावाची वेगळीच संस्था काढली. विश्वस्त चौदा, त्यांतले कॉर्पोरेशनने निवडलेले अवघे चार. सरकारचा तर्क असा की कॉर्पोरेशन घरमालकांनी भरलेले. आपल्याच जातभाईंची घरे पाडायला ते कशाला हात उचलतील? तर्क अगदीच खोटा नव्हता. पण उपाय असा निघाला, की शहराने दरवर्षी आपल्या पट्टीतला हिस्सा ट्रस्टला द्यायचा, आपल्या जमिनी द्यायच्या आणि त्या खर्चात शहराचा शब्द चौदांत चार. फिरोजशहांनी १८७१ मध्ये जो मुद्दा काढला होता तो सत्तावीस वर्षांनी मागच्या दाराने परत आला. त्याच सुमारास खुद्द फिरोजशहांनाही हटविण्याचे बेत शिजत होते. १९०७ मध्ये काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी व पत्रकारांनी जूट करून जस्टिसांच्या सोळा जागांच्या निवडणुकीत त्यांना सतरावे आणले. मुंबईभर संताप उसळला. मग निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड अवैध ठरली आणि सतरावा माणूस सभेत येऊन बसला!

ट्रस्टने रस्ते उत्तम काढले, हे कबूल केले पाहिजे. सँढर्स्ट रोड, आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग. प्रिन्सेस स्ट्रीट, आजचा शामलदास गांधी मार्ग. समुद्राचा वारा गल्लीबोळांत शिरावा म्हणून दाट वस्तीतून ही लांबलचक फट पाडली. दादर, माटुंगा, शीव भागांतली भातशेते आखून तिथे मध्यमवर्गासाठी वसाहती केल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीतली झाडे, बागा, शाळा आजही त्या आखणीची साक्ष देतात. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांचे काय? पहिल्या दशकात ट्रस्टने जितक्यांना बेघर केले त्याच्या पुष्कळ कमी लोकांना घरे दिली. उरलेले शेजारच्या गल्लीत जाऊन अधिकच दाटीने राहिले. म्हणजे एका गल्लीतली गर्दी उपसून दुसरीत ओतली.

यात पैशाचे गणितही मजेदार होते. घर ताब्यात घ्यायचे तर मालकाला भरपाई द्यायची, आणि ती घराच्या भाड्यावरून ठरे. खोलीत जितकी माणसे कोंबावीत तितके भाडे, जितके भाडे तितकी किंमत. ज्याने घर सर्वांत घाणेरडे ठेवले त्यालाच सर्वांत जास्त दाम! ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांच्या हे ध्यानात आले. त्यांनी आणखी एक नियम लावून धरला: साडेत्रेसष्ट अंशांचा प्रकाशकोन. शब्द अवघड आहे, अर्थ सोपा. खिडकीसमोर जितकी मोकळी जागा, समोरच्या इमारतीची उंची तिच्या दुपटीहून जास्त नको. म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीतही आभाळाचा तुकडा दिसेल. परळच्या ज्या चाळीत मी लहानाचा मोठा झालो तिथे आमची आई दुपारी गहू निवडायला दारात बसे, कारण आत खडा दिसत नसे. आभाळाच्या तुकड्याची किंमत मला कुणी कोनमापक घेऊन शिकवायला नको.

ट्रस्टने काही चाळीही बांधल्या. खोल्या लहान, पण भिंती पक्क्या, हवा खेळती. परळला पोयबावडीच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बराच काळ राहिले. रमाबाईंचा संसार तिथलाच. विलायतेहून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेला तो विद्वान त्याच खोलीत परत आला, हे लक्षात ठेवून आजही माणसे तो जिना चढतात.

पहिल्या महायुद्धानंतर गिरण्यांना पुन्हा बरकत आली, भाडी भडकली, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये आणखी एक खाते उघडले: डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट. पुन्हा कॉर्पोरेशनला बगल! संकल्प ५०,००० खोल्यांचा. पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसविली. ही कल्पना मला न्याय्य वाटते; ज्या कापसाने माणसे शहरात ओढली त्यानेच त्यांच्या छपराचा खर्च द्यावा. पण झाल्या त्या सुमारे साडेसोळा हजार खोल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सिमेंट काँक्रीटच्या त्या कोंदट भिंती कामगारांना सुरुवातीला आवडल्या नाहीत, भाडे परवडेना, पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या. त्याच खात्याने बॅक बेमधला समुद्र बुजविण्यात जो पैसा बुडविला त्याची लक्तरे खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर मांडली. त्यांच्यावर झालेला अब्रुनुकसानीचा खटला ते जिंकले. हिशेब विचारायला निवडलेली सभा नसली म्हणजे पैसा अक्षरशः समुद्रात कसा जातो, याचे याहून चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

इतक्यात पलीकडे दार उघडत होते. १९२२ च्या दुरुस्तीने महिना दहा रुपये भाडे भरणारालाही मत मिळाले. भाडेकरू प्रथमच मतदार झाला. विठ्ठलभाई पटेल अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाला, त्याच्या चाळींसह. १९४८ ची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली आणि पट्टी, भाडे, मालकी यांची अट गळून पडली. तरी कमिशनर सरकारनेच नेमायचा ही १८६५ ची चाल कायम राहिली, आणि मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणूक लांबली तेव्हा काही वर्षे अंदाजपत्रक मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच, असे मुंबईने पाहिले. जेम्स फोर्ब्सच्या भाषणांचे इतिवृत्त तेव्हा कुणी वाचायला काढले असते तर बरे झाले असते.

वरळी, नायगाव आणि डिलाइल रोडवरच्या त्या जुन्या बी. डी. डी. चाळींच्या जागी आता बुरूज उठत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या काही कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फूट. आणि १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना मालमत्ताकर माफ आहे. पट्टी भरीत नाही म्हणून ज्याच्या पणजोबाला मत नव्हते, त्याच्या नावावर आता घर आहे, मत आहे, आणि घरपट्टीचे बिल मात्र येत नाही.